हमाल नेमका कुणाचा?

बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिला आहे तो असा : ‘मनुष्यबळ व्यवस्थापन, मूलभूत संकल्पना आणि कामगार कायदा’. विषय आयोजकांनी दिला, आम्ही घेतला. समोर निम्मी मंडळी कॉमर्स-मॅनेजमेंटची मुलं दिसताहेत आणि निम्मी बाजारपेठेतली, शेतीतली. मुलांना व्याख्या हव्या असतील, बाकीच्यांना व्याख्या ऐकून झोप येईल. म्हणून आम्ही पुस्तकाऐवजी एक कागद आणला आहे. एका शेतकरी मित्राची कांद्याची हिशोबपट्टी.

ही पट्टी इथल्या घरोघरी आहे. वर वजन, भाव, एकूण रक्कम. खाली वजावट. हमाली, तोलाई, वाराई, असं जे काही त्या वेळी लागू असेल ते. मग निव्वळ रक्कम. आता आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. या पट्टीत ज्याची हमाली कापली आहे तो हमाल कुणाचा माणूस?

पैसे शेतकऱ्याच्या पट्टीतून जातात, म्हणून तो शेतकऱ्याचा म्हणावं, तर शेतकऱ्याला त्याचं नावही माहीत नसतं. कांदा ट्रॅक्टरमध्ये मोकळाच येतो, लिलाव गाडीवरच होतो, वजन भुईकाट्यावर होतं आणि माल उतरतो व्यापाऱ्याच्या खळ्यावर. म्हणजे काम व्यापाऱ्याचं झालं. पण व्यापारी म्हणतो, परवाना माझा नाही, बाजार समितीचा आहे. बाजार समिती म्हणते, आम्ही परवाना देतो, नोकरी देत नाही. आणि सकाळी कोण कुठल्या गाडीवर जाईल हे ठरवतो टोळीचा मुकादम, जो स्वतःही पाठीवर ओझं घेणारा. चौघांच्या मध्ये हा माणूस उभा आहे, आणि चौघांपैकी कुणाचाच नाही.

हा शब्दांचा खेळ नाही. एप्रिल २०२४ आठवा. निर्यातबंदी चालू होतीच, उन्हाळ कांदा बाजारात यायला लागला होता, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी बाजार समित्यांमधले कांद्याचे लिलाव बंद पडले. कारण काय? हमाली-तोलाईची कपात आणि तिच्यावरची लेव्ही. शेतकरी विचारत होता, वजन भुईकाट्यावर होतं तर तोलाई कसली? व्यापारी म्हणत होते, आम्ही पट्टीतून कापणारच नाही, मग लेव्हीही आमच्याकडे मागू नका. हमाल-मापारी म्हणत होते, आमच्या हक्काचा पैसा मध्येच गायब होतोय. तिघांचंही म्हणणं समजण्यासारखं होतं. भाव, निर्यात, सरकार यांवर भरपूर बोललं गेलं. पण त्या बंदच्या मुळाशी व्यवस्थापनशास्त्राच्या पहिल्या धड्यातला प्रश्न होता, मालक कोण आणि कामगार कोण, याकडे फार कुणी पाहिलं नाही.

मॅनेजमेंटच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणापासून यादी येते. मनुष्यबळाचं नियोजन, भरती, निवड, प्रशिक्षण, मोबदला, कामाचं मूल्यमापन, शिस्त, सेवासमाप्ती. यादी बरोबर आहे. पण ती गृहीत धरते की ‘आपला माणूस’ कोण हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या मते सगळी मेख तिथेच आहे.

न्यायालयांनी या प्रश्नाशी बराच काळ झुंज दिली आहे. धरांगध्रा केमिकल वर्क्सचा निकाल नोव्हेंबर १९५६ चा, सौराष्ट्रातल्या मिठागरांचा. तिथले अगरिया मीठ पिकवायचे. त्यांना मणावर पैसे मिळत, कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला स्वतःची माणसं घेण्याची मुभा होती. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की काम कसं करायचं यावर कंपनीची देखरेख कितपत आहे. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत होती. म्हणून अगरिया कामगार ठरले. इथून ‘नियंत्रणाची कसोटी’ रूढ झाली. कोणतं काम करायचं एवढंच नव्हे, तर ते कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार ज्याचा, तो मालक.

आता विडी. विडी म्हटली की आपल्या जिल्ह्यात सिन्नरचं नाव निघतं, म्हणून हे उदाहरण तुम्हाला परकं वाटणार नाही. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातल्या विडी कारखान्यांची दोन प्रकरणं आली. बिर्दीचंद शर्मा हे नागपूरकडचं. तिथे विडी वळणारे कामगार ठरले. त्याच वर्षी शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात मात्र बहुमताने निकाल उलटा गेला. माणूस कारखान्यात येऊन विड्या वळत होता, पण केव्हाही यावं, केव्हाही जावं, किती वळायच्या याचं बंधन नाही, पैसे नगावर. म्हणून तो फॅक्टरी कायद्यातला ‘कामगार’ नाही, आणि म्हणून त्याला भरपगारी रजा नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळं मत नोंदवलं. विचार करा, दोघांच्याही मांडीवर तंबाखू, हातात तेंदूपान. बोटांची हालचालसुद्धा एकच. एक कामगार, दुसरा नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. एखाद्या व्याख्येने असा निकाल दिला की आम्हाला माणसाबद्दल शंका येत नाही, व्याख्येबद्दल येते. संसदेलाही तसंच वाटलं असावं, कारण १९६६ मध्ये विडी-सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकाही घेतल्या गेल्या. न्यायालयही पुढे सरकलं. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या निकालात शिंप्यांना नगावर पैसे होते, यायची-जायची वेळ सैल होती. पण यंत्र दुकानाचं, आणि शिवण आवडली नाही तर परत करण्याचा हक्कही दुकानाचा. तेवढं पुरेसं धरलं गेलं. १९७८ मध्ये कालिकतच्या एका दोरखंड कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आणखी थेट पाहिलं. मध्ये ठेकेदार उभा केला असेल, पण या माणसांची चूल कुणाच्या धंद्यावर पेटते? ज्याच्या धंद्यावर पेटते तो मालक. कागद काहीही म्हणो.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे, खरं म्हणजे गंमत नाही ती. मालकीचा हा प्रश्न नेहमी एकाच दिशेने धूसर होत नाही. उचल दिलेली असली की तो एकदम स्पष्ट होतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांना विचारा. उचल घेतली की हंगामभर ‘हा माझा माणूस’. अपघात झाला, बाळंतपण आलं, की ‘तो मुकादमाचा माणूस’. या मनोवृत्तीला एके काळी कायद्याचाच आधार होता. १८५९ चा कामगार करारभंग कायदा काय सांगत होता? कारागिराने, मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम केलं नाही, तर मॅजिस्ट्रेट त्याला कामावर जायचा हुकूम देई आणि तो मोडला तर तुरुंग. मालकाने करार मोडला तर तुरुंग नव्हता. हा कायदा १९२० च्या दशकात रद्द झाला, पण त्याची सवय गेली नाही.

१९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलहांचं विधेयक आलं. विशिष्ट परिस्थितीत संप करणं हा त्यात गुन्हा ठरत होता. डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. त्यांचा मुद्दा आमच्या शब्दांत सांगतो. संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग. करारभंग हा दिवाणी मामला आहे, नुकसानभरपाई मागा. पण काम करायला नकार दिला म्हणून माणसाला तुरुंगात टाकलंत, तर ती नोकरी उरली नाही, गुलामी झाली. त्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. मुलांनो, ‘एम्प्लॉयमेंट कॉन्ट्रॅक्ट’ची व्याख्या परीक्षेत लिहाल तेव्हा हे लक्षात ठेवा. नोकरीत माणूस आपलं काम विकतो, स्वतःला विकत नाही. सगळा कामगार कायदा या एका फरकाची राखण करत उभा आहे.

आता हमालाकडे परत येऊ. नियंत्रणाची कसोटी त्याला लावली तर तो कुणाचाच निघत नाही. सकाळी एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर, दुपारी दुसऱ्याच्या. एका मालकाकडे तो वर्षातले दोनशे चाळीस दिवस भरत नाही, म्हणून औद्योगिक कायद्याचं संरक्षण त्याच्या हाताला लागत नाही. न्यायालय शोधून शोधून एक मालक शोधील, पण इथे एक मालक नाहीच.

महाराष्ट्राने इथे जे केलं ते आम्हाला फार मोठं वाटतं. माथाडी कामगारांची चळवळ अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बाजारपेठांत उभी राहिली आणि १९६९ मध्ये राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा होता, तिथली कल्पना बाजारात आणली. काय कल्पना? मालक शोधू नका, मंडळ उभं करा. मंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. कामगाराने मंडळात नाव नोंदवायचं, व्यापाऱ्यानेही नोंदवायचं. मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही. मंडळ मजुरी कामगाराला देतं, आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. माणूस दिवसाला चार मालक बदलो, त्याच्या खात्यात दिवस जमा होत राहतात. आपल्या जिल्ह्यालाही असं मंडळ आहे.

म्हणजे लेव्ही हा कर नाही, दंडही नाही. तो हमालाच्या पगाराचाच उरलेला भाग आहे, जो कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला मिळतो. हे समजलं की २०२४ चं भांडण वेगळं दिसतं. तोलाई रद्द करावी का, हा यंत्राचा प्रश्न आहे. माणूस मापत नसेल तर त्याचे पैसे कापू नयेत, शेतकऱ्याचं म्हणणं आम्हाला पटतं. हमाली शेतकऱ्याने द्यावी की खरेदीदाराने, हा बाजाराचा प्रश्न आहे, आणि आमचं स्वतःचं मत असं की माल ज्याच्या खळ्यावर उतरतो त्याने द्यावी. पण ओझं उचललं गेलं असेल तर मजुरीवरची लेव्ही भरायची की नाही, हा प्रश्नच होऊ शकत नाही. तिन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या की सगळ्यात खाली कोण दबतो ते तुम्ही ओळखालच.

मंडळांचा कारभार आदर्श आहे असं आम्ही म्हणत नाही. खोट्या नोंदी, माथाडीच्या नावाखाली उद्योजकांकडून खंडणी, अशा तक्रारी आहेत आणि त्या खोट्या नाहीत. पण घरात उंदीर झाले म्हणून कुणी घर पाडत नाही.

मुलं म्हणतील, सर, हा कायदा झाला, यात एचआर कुठे आहे? मग एचआरच्या जन्मापासून सुरुवात करू. फ्रेडरिक टेलर हे नाव तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकता. वैज्ञानिक व्यवस्थापनाचा जनक. त्याचं पुस्तक १९११ चं. पण त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कुणाचं आहे? हमालाचं! बेथलेहेम स्टील कंपनीतला श्मिट नावाचा माणूस, ब्याण्णव पौंडांचे, म्हणजे साधारण बेचाळीस किलोंचे, लोखंडाचे ठोकळे वॅगनमध्ये भरणारा. दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलरने घड्याळ लावून त्याला केव्हा उचल, केव्हा बस, हे सांगितलं आणि आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. टेलरने या कहाणीला बरंच मीठमसाला लावला होता असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं, पण त्याची दृष्टी खरीच होती. माणूस म्हणजे मोजता येणारी शक्ती. ‘संसाधन’ हा शब्द पुढे आला, दृष्टी आधीच आली होती.

टेलरने श्मिटच्या पाठीकडे पाहिलं, म्हातारपणाकडे नाही. माथाडी कायद्याने त्याच पाठीकडे पाहून विचारलं, ही पाठ साठीला काय खाईल? आम्ही वर्गात कांट शिकवायचो तेव्हा एक चूक मुलं हमखास करायची. कांट म्हणाला माणसाला साधन म्हणून वापरू नका, असं लिहायची. तो तसं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘केवळ’ साधन म्हणून वापरू नका. तो ‘केवळ’ गाळला की कांट अव्यवहार्य होतो, कारण हमालाचा उपयोग व्यापाऱ्याला होतोच, आमचा उपयोग कॉलेजला होत होता. ‘केवळ’ ठेवला की कामाची गोष्ट होते. पगार, रजा, निधी, ऐकून घेणं, हे सगळं त्या एका शब्दाचं भाषांतर आहे.

ऐकून घेण्यावरून आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला आम्हाला आनंद होत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेने आम्हाला एका शिपायाच्या चौकशी समितीवर घेतलं. संस्थेचं नाव महत्त्वाचं नाही. शिपाई वारंवार गैरहजर होता, एकदा वरिष्ठांना उलट बोलला होता. आम्हाला वाटलं, आपण तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, नीतिशास्त्र शिकवतो, आपल्यासारखा निष्पक्ष माणूस कोण? आरोपपत्र त्याला त्याच सकाळी मिळालं होतं. त्याला सोबत कुणी प्रतिनिधी आणायचा आहे का, हे आम्ही विचारलं नाही. साक्षीदार त्याला बाहेर बसवून तपासले. त्याने एकच वाक्य म्हटलं, ‘साहेब, घरी आजारपण होतं.’ आम्ही ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो. अहवालावर सही केली. त्याला काढलं. पुढे कामगार न्यायालयाने तो आदेश रद्द केला, नैसर्गिक न्याय पाळला नाही म्हणून. तोपर्यंत चार वर्षं गेली होती. निकालाचा कागद वाचताना आम्हाला प्रथमच समजलं की आपण त्या दिवशी नेमकं काय केलं होतं. तेव्हापासून कामगार कायदा वाचायला लागलो. आज या विषयावर बोलायला उभे आहोत त्याचं कारण हे आहे, पदवी नव्हे.

म्हणून शिस्तीच्या कारवाईची रीत नीट ऐका. आरोप लेखी आणि नेमके हवेत. ‘वर्तन समाधानकारक नाही’ हा आरोप नव्हे, तारीख, वेळ, कृती सांगा. उत्तराला वाजवी मुदत द्या. सहकाऱ्याला किंवा युनियनच्या माणसाला सोबत घेऊ द्या. साक्षीदार त्याच्यासमोर तपासा, त्याला उलट प्रश्न विचारू द्या. चौकशी करणारा तक्रारदार नको. अहवालात कारणं लिहा, अहवाल त्याला द्या, मग शिक्षेबद्दल पुन्हा एकदा त्याचं म्हणणं घ्या. निलंबित केलं असेल तर पहिले नव्वद दिवस निम्मा निर्वाह भत्ता, पुढे त्याच्यामुळे उशीर झाला नसेल तर पंचाहत्तर टक्के. निलंबन ही शिक्षा नाही, हे तर आपल्याकडे कुणालाच पटत नाही.

सटाण्यात उभं राहून हे बोलताना देवमामलेदारांची आठवण येणारच. यशवंतराव महाराज म्हणजे सरकारी नोकरच की हो! दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना गोरगरिबांना वाटला, ही कथा इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नियमाच्या भाषेत त्याला गंभीर गैरवर्तन म्हणावं लागेल. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवू. पण कथेतल्या साहेबाने काय केलं बघा. तक्रार आली म्हणून लगेच शिक्षा दिली नाही, आधी तिजोरी तपासली. आमच्या समितीने तेवढंही केलं नव्हतं.

आता कागदावरच्या दुसऱ्या एका युक्तीबद्दल थोडं. अकरा महिन्यांचं नेमणूकपत्र. अकरा महिने काम, चार दिवस घरी, पुन्हा अकरा महिने. दहा-दहा वर्षं माणसं अशी राहतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या, याला स्पष्ट नाव आहे. कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं बदली, हंगामी किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. आमच्या शिक्षणक्षेत्रात तासिका तत्त्वावरची मुलं-मुली असंच आयुष्य काढताहेत, पण त्यांना हा दरवाजा उघडा नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षक औद्योगिक कायद्यातला ‘वर्कमन’ नव्हे. कामगार म्हटल्याने आमचा मान जातो असं वाटणारे सहकारी आम्ही पाहिलेत. ग्रॅच्युइटीच्या वेळी मात्र त्यांना कामगार व्हायचं होतं. त्यासाठी २००९ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला, तोही १९९७ पासून लागू असा.

ग्रॅच्युइटीचा हिशोब अनेकांना येत नाही, म्हणून एकदा करून दाखवतो. शेवटचा पगार, मूळ अधिक महागाई भत्ता, धरा १८,२०० रुपये. त्याला छब्बीसने भागा, ७०० रुपये रोज आला. पंधरा दिवसांचे १०,५००. सेवा बारा वर्षं, म्हणजे १,२६,०००. आता विचारा, महिना तीस दिवसांचा, मग भागायचं छब्बीसने का? कारण चार सुट्ट्या वगळून कामाचे दिवस छब्बीस. तीसने भागलं असतं तर रोज ६०७ रुपयांवर आला असता आणि हातात सोळा-सतरा हजार कमी पडले असते. या चार सुट्ट्या कुठून आल्या? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. निवृत्तीच्या दिवशी मिळणाऱ्या चेकमध्ये त्या रविवारांची किंमत मिसळलेली असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, एकोणतीस जुने कायदे त्यांत मिळाले. सगळं सांगायला वेळ नाही, दोन-तीन गोष्टी सांगतो. नेमणूकपत्र आता प्रत्येकाला द्यायचं आहे, ही आम्हाला सगळ्यात चांगली तरतूद वाटते. ठराविक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायचं नाही, वर्षभर पुरे. भत्ते निम्म्यापेक्षा जास्त दाखवून मूळ पगार लहान करण्याची जुनी क्लृप्ती आता चालणार नाही. दुसऱ्या बाजूला, स्थायी आदेशांसाठी केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांची अट होती ती तीनशे झाली. सटाण्यात तीनशे माणसं एका छताखाली कामाला ठेवणारा कोण आहे? म्हणजे शिस्तीचे लेखी नियम ज्यांना हवेत तीच लहान ठिकाणं बाहेर राहिली.

आणि मोबाइलवर ऑर्डर घेऊन फिरणारी मुलं, ‘गिग’ कामगार. कंपनी म्हणते ते आमचे भागीदार. पण दर ठरवते कंपनी, काम बंद करण्याचं बटणही तिच्याच हातात. संहितेने कंपन्यांना उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षा निधीत भरायला सांगितलं आहे, या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. कल्पना माथाडीचीच नात शोभते. फरक इतकाच की माथाडी कायद्यात मालकाला मालक म्हणून नोंद करावी लागते आणि मजुरीही मंडळातून जाते. इथे पैसे द्या, नातं मानू नका, असं आहे. आम्हाला ते अपुरं वाटतं, पण सुरुवात नाही असंही म्हणवत नाही.

प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं ते इथे नोंदवतो, कारण तो प्रश्न अनेकांचा आहे. ते म्हणाले, ‘सर, माझं खळं आहे. कांदा निवडायला बारा बाया येतात. गाडी मुकादम घेऊन येतो, पैसे मी मुकादमाला देतो. मग त्या मुकादमाच्याच ना?’

आम्ही त्यांना विचारलं, कांदा कुणाचा? ‘माझा.’ खळं, गोण्या, वजनकाटा? ‘माझा.’ निवड नीट झाली नाही तर पुन्हा करा असं कोण सांगतं? ‘मीच.’ उद्या तुम्ही खळं बंद केलंत तर त्या दुसऱ्या दिवशी कुठे जातील? ते हसले. म्हटलं, मग त्या तुमच्याच आहेत. मुकादमाला कमिशन द्यायचं तर वेगळं द्या, त्यांच्या मजुरीतून नको. गोणीवर पैसे देत असलात तरी दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. गड्याला एक दर आणि तेच काम करणाऱ्या बाईला दुसरा, हे १९७६ पासून बेकायदा आहे. सावली, पाणी आणि दार लागणारं शौचालय आधी करा. आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाईच हवी, एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिचा पत्ता भिंतीवर लावा.

ते म्हणाले, ‘सर, कधी नऊ येतात, कधी चौदा. कसं मोजायचं?’

हजेरीपुस्तक ठेवा, म्हटलं. मुकादमाचं नाव आणि पुढे ‘बारा’ असं नाही. प्रत्येकीचं नाव, गाव, आली केव्हा, गेली केव्हा, किती गोण्या, किती पैसे, आणि तिची सही किंवा अंगठा. मग आम्ही त्यांना विचारलं, बारा जणींपैकी किती जणींची पूर्ण नावं तुम्हाला येतात? त्यांनी बोटं मोजली आणि पाच म्हणाले. उरलेली सात उद्या सकाळी विचारून घ्या, तिथूनच वही सुरू करा.